डब्यात उरलेली चिठ्ठी

गंगापूरच्या स्टँडवर जीप भरायला अजून चार माणसं कमी होती, म्हणून मला आईबापाजवळ आणखी अर्धा तास मिळाला. आमचे हे पुढं ड्रायव्हरशेजारी जागा धरून बसले होते. लग्नाला दोन महिने झाले होते आणि आमचं बोलणं अजून 'पाणी दे' आणि 'घ्या' एवढंच होतं. आबा मेंढरं चुलत्याच्या हवाली करून आले होते. त्यांच्या अंगाला कळपाचा वास येत होता, म्हणून जीपमधल्या एका बाईनं नाकाला पदर लावला. आबांनी ते बघितलं आणि ते दोन पावलं मागं सरकले. शेवटचा अर्धा तास माझा बाप माझ्यापासून दोन पावलं लांब उभा होता.

आईनं माझ्या मांडीवर लोकरीचं गाठोडं ठेवलं. म्हणाली, "परक्याच्या घरी ऱ्हाशील. कुणाचं काय घेतलंस तर आपल्या हातचं काहीतरी दे. इकतचं दिलं की फिटतं. हातचं दिलं की नातं ऱ्हातं."

आबा लांबूनच म्हणाले, "आन रिकामी बसू नको. हाताला काम नसलं की डोक्यात किडे पडत्यात."

जीप भरली. मी सतरा वर्षांची होते. पाचवीत शाळा सुटली होती. सुटली म्हणजे काय, शाळा जागेवर राहायची आणि आम्ही मेंढरांमागं चालायचो.

हे मी पंतनगरहून लिहितेय. कंपनीनं इथं हिमालयाच्या पायथ्याला नवा कारखाना काढला तेव्हा वाळूजमधली काही जुनी माणसं इकडं धाडली, त्यात आमचे हे होते. डिसेंबरात इथं असा कोहरा, म्हणजे धुकं, पडतं की समोरच्या लाइनीतली क्वार्टरं दुपारपर्यंत दिसत नाहीत. सून इकडचीच. मला मम्मीजी म्हणते, हीटर जवळ सरकवते आणि 'ठंड लग जाएगी' म्हणून ओरडते. देवानं मला फार दिलं. माझ्या लायकीपेक्षा जास्तच दिलं, असं मला रोज वाटतं आणि रोज भीतीही वाटते. तुम्ही जे तिकडं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठल्या ना कुठल्या जीपमध्ये बसलात, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीय. नाताळ जवळ आला की ती मला बसू देत नाही.

त्या काळी वाळूजला दर महिन्याला कारखान्याची नवी शेड उभी राहत होती. माणसं येत होती, खोल्या नव्हत्या. खोलीवाले आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग म्हणायचे कालच दिली. नामांतराची चळवळ चालू होती. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणणारे आणि बदलू नये म्हणणारे एकाच शिफ्टच्या बसमध्ये बसायचे, पण वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर. बंद पुकारला की यांना वाळूजहून शहराच्या कडेच्या छावणीत, आम्हाला पुढं मिळालेल्या खोलीपर्यंत, चालत यावं लागायचं.

छावणीतल्या मार्थामावशीनं आडनाव विचारलं नाही, फक्त गाव विचारलं. ते घर ख्रिस्ती लोकांचं. मावशी, तिचा नवरा शांतवनकाका, जे सुतारकाम करायचे, आणि नर्सिंग शिकणारी मुलगी सुवार्ता. मागची एक खोली भाड्यानं द्यायची होती.

"गंगापूरकडची का?" मावशी म्हणाली. "विद्यापीठाच्या नावावरनं त्या वर्षी तिकडं वस्त्या जळाल्या होत्या ना गं?"

"मी लहान होते," मी म्हणाले.

खरंच लहान होते. पण धूर मी बघितला होता. आम्ही माळावर होतो. आबांनी धुराकडं बघितलं आणि काही न बोलता कळप उलट्या दिशेला वळवला. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं माझ्या हातांकडं जरा वेळ बघितलं आणि किल्ली दिली.

नंतर कळलं की तिनं तो प्रश्न का विचारला. तिचा मुलगा सुधीर कॉलेजात होता. त्याच वर्षी, जळालेल्या वस्त्यांसाठी कपड्यांचं गाठोडं घेऊन तो खेड्याकडं गेला आणि परत आला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. मी त्या घरात गेले तेव्हा या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं मावशी कंपाउंडच्या बाहेर पडली नव्हती. बाजार काका करायचे, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी काका आणि सुवार्ता जायचे. "तो आला आन दाराला कुलूप दिसलं तर?" एवढंच ती म्हणायची.

पहिल्याच पावसाळ्याच्या शेवटी मला टायफॉइड झाला. हे शिफ्टला. मावशीनं एकवीस दिवस मला पेज पाजली, माझं अंग पुसलं, केसांतल्या जटा एकेक करून सोडवल्या. माझ्या आईनंही कधी एवढे दिवस मला एका जागी झोपू दिलं नव्हतं. मी बरी झाले आणि त्या दिवसापासून मला चैन पडेना. हिचं एवढं घेतलं, आता द्यायचं काय?

डिसेंबर लागला तशी मावशीनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्या घरात नाताळची एक रीत होती. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकायची, प्रत्येकानं एक उचलायची आणि ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप हातानं काहीतरी करायचं. विकत आणायचं नाही. नाताळच्या दुपारी जेवणं झाली की सगळ्या पुड्या टोपलीत. पुडीवर घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाही. घेणाऱ्यानं वस्तू हातात फिरवून ती कुणी केली ते सांगायचं. याला ते 'हात ओळखणं' म्हणायचे. बरोबर ओळखलं तर करणाऱ्यानं पुढं यायचं आणि मावशी त्याच्या तोंडात करंजी घालायची. चुकलं तर करणाऱ्यानं नव्या वर्षाच्या उपासनेपर्यंत वस्तू आपली म्हणून तोंड उघडायचं नाही.

"जो ह्या घरात जेवतो त्याची चिठ्ठी पडते," मावशी म्हणाली आणि तिनं आमची दोघांची नावं लिहिली. मी मोजलं. आम्ही पाच माणसं आणि चिठ्ठ्या सहा. सहावी सुधीरची.

सुधीरची चिठ्ठी ज्याला यायची तो सुधीरसाठी वस्तू करायचा आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत जायची. मावशीनं एकदा मला ती ट्रंक उघडून दाखवली. आत काकांनी केलेल्या लाकडाच्या दोन वस्तू आणि चार-पाच स्वेटर. प्रत्येक स्वेटर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. "आता तिशीकडं आला आसंल. पोट सुटलं आसंल," ती म्हणाली. मी ट्रंकेपासून मागं सरकले. ती मात्र स्वेटरला नाक लावून हसत होती.

आता सहा चिठ्ठ्या आणि उचलणारे पाच म्हटल्यावर एक डब्यात उरायची. ती उघडायची नाही. मावशी म्हणायची, "ती सुधीरनं उचलली." म्हणजे त्या उरलेल्या चिठ्ठीत ज्याचं नाव असेल त्याला वस्तू सुधीरनं द्यायची. अर्थात नाताळला त्या माणसाला काहीच मिळायचं नाही. त्यावर कुणी बोलायचं नाही. काका फक्त त्या माणसाच्या ताटात केकचा मोठा तुकडा वाढायचे.

मला सुवार्ताची चिठ्ठी आली. मी तिच्यासाठी चिंध्यांची पिशवी शिवली. पण माझं मन भरेना. मावशीच्या चष्म्याला सुवार्तानं दवाखान्यातल्या पट्टीची फीत बांधली होती, ती कळकट झाली होती. मी गाठोडं सोडलं, काळी आणि पांढरी लोकर काढली, टकळीवर सूत कातलं आणि चार पदरांची गोल दोरी वळली. आमच्या घरचा पीळ डावा, कारण आबा डावखुरे. शेवटी बारीक गोल गाठ, तिला आम्ही लेंडीगाठ म्हणतो. नाव घाण आहे पण गाठ सुटत नाही. दोरी कागदात गुंडाळली, वर 'मावशी' लिहिलं आणि टोपलीत टाकली. चिठ्ठीवाचून वस्तू करायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, जास्तीचं प्रेम आहे, त्यात काय चुकणार?

नाताळची दुपार. दारावर कागदाची चांदणी, ताटांत शंकरपाळे. एकेक पुडी निघाली. काकांनी माझ्यासाठी लाटणं केलं होतं. यांनी काकांसाठी भंगारातल्या पत्र्याची तपकिरीची डबी केली होती. काकांनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, "हौ, कंपनीवाल्याचाच हात. झाकण शिफ्ट संपल्यावर लावलंय, तिरकं बसलंय." सगळे हसले. सुवार्तानं यांच्यासाठी मफलर विणला होता. माझी पिशवी सुवार्तानं ओळखली. मावशीकडं सुधीरची चिठ्ठी होती, तिचा स्वेटर ट्रंकेत गेला. पाच माणसं, पाच वस्तू. सगळ्यांचे हात ओळखून झाले आणि मावशीला काही मिळालं नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं की डब्यात उरलेली चिठ्ठी मावशीचीच आहे. काका केकचा मोठा तुकडा कापायला वळले.

आणि सुवार्ता म्हणाली, "टोपलीत अजून एक पुडी हाय."

मावशीनं ती उघडली. दोरी बोटांत फिरवली. मग ती उठली, आत जाऊन बायबल घेऊन आली आणि त्यातून एक झिजलेली दोरी काढली. सुधीरनं जायच्या आधीच्या नाताळला तिच्या किल्ल्यांसाठी वळलेली. तिनं दोन्ही दोऱ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चार पदर. डावा पीळ. शेवटी तीच गोल गाठ.

काकांच्या हातात केकची सुरी तशीच होती. बाहेर पोरं फटाके उडवत होती, तो आवाज फार लांबून आल्यासारखा येत होता.

"सुधीर," मावशी म्हणाली. तिनं हात ओळखला होता.

मी पुढं झाले नाही. चुकीचं ओळखलं तर नव्या वर्षापर्यंत गप्प राहायचं, ही त्यांचीच रीत. मला वाटलं, सात दिवसांचा तर प्रश्न आहे. त्याहून जास्त मला त्या जुन्या दोरीची भीती वाटत होती. माझ्या बापाचा पीळ हिच्या बायबलात कसा आला?

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "सांगितलंस तर ती बाई मरंल. नाय सांगितलंस तर तू मरशील. बघ बाई तूच." मग जरा थांबून म्हणाले, "आन खोली जाईल ती येगळीच."

नव्या वर्षाच्या सकाळी मी सांगायचं ठरवून पुढच्या घरात गेले. मावशी पांढरी साडी नेसून, चष्म्याला माझी दोरी लावून, दारात चपला घालत होती. देवळात निघाली होती. आठ वर्षांनी. "आता कुलूप लावलं तरी चालतंय," ती मला म्हणाली. "त्याला घर म्हाईत हाय, आन तो येऊन गेला." काकांनी तिचा हात धरला होता आणि ते रडत होते. मी किल्ली घेऊन त्यांच्या मागं कुलूप लावलं.

काकांना मात्र मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते रंधा मारत होते. थांबले नाहीत. म्हणाले, "मालूम हाय मला. लोकर नवी होती, तुझ्या खोलीतला वास होता तिला." मग म्हणाले, "ती आता बाजारात जाते, हिरा. भाजीवाल्याशी भांडते. पुढच्या वर्षी पण कर." पुढच्या वर्षी त्यांनी डब्यात डोकावून उरलेली चिठ्ठी बघितली, त्यांचीच होती. मी त्यांच्या पेन्सिलीसाठी दोरी वळली. मावशीनं तीही ओळखली. त्या नाताळला माझ्या वाटचा केक मी बाहेरच्या पोरांना देऊन टाकला.

तिसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. तेव्हा आबांना विचारलं, आपला पीळ कुणा परक्या पोराला शिकवला होता का. ते म्हणाले, "आपला कळप छावणीच्या मैदानाला बसायचा की. लई पोरं यायची. एक होता, त्याला लेंडीगाठ जमायची नाय. चार दिस आला, मग जमली." आणि थोड्या वेळानं, "का गं? घरी हाय का तो?"

"नाय," मी म्हणाले. आबा उठून मेंढरांकडं गेले. तो धुराचा दिवस त्यांनाही आठवला असणार. मी विचारलं नाही.

मला हायसं वाटलं होतं. या वर्षी मी तिथं नाही, या वर्षी दोरी निघणार नाही. मावशी दुःखी होईल, पण खोटं थांबेल. जानेवारीत बाळाला घेऊन परतले तर सुवार्ताच्या मनगटी घड्याळाला दोरीचा पट्टा. चार पदर, डावा पीळ, लेंडीगाठ.

"काका, तुम्ही केलीत?" मी मागं जाऊन विचारलं.

त्यांनी उजवा हात पुढं केला. दोन बोटं करवतीत गेलेली, ते मला ठाऊक होतंच. "मी तर समजलो तू गावाकडून धाडलीस. डबा पण उघडला नाय या वर्षी. मग सुवार्ताचं नाव कुणी वाचलं?"

ते वाकून लाकडाचा भुसा गोळा करू लागले.

तुम्ही म्हणाल मावशीनंच केली. मीही तेच धरलं. दोन वर्षं मी तिला लोकर दिली, शिकवायच्या निमित्तानं समोर बसवलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन पदरांत तिची बोटं अडकायची आणि पीळ उजवा पडायचा. आणि जी दोरी नाताळला निघायची तिची लोकर तांबूस असायची. आमच्या कळपात तसं जनावर नव्हतं. मी पुन्हा कधी एकही दोरी वळली नाही. तरी ती दर वर्षी निघाली. ज्याची चिठ्ठी उरली त्याच्याच नावावर. एकदा माझ्या नावावर निघाली. मी ती दोन दिवस हातात घेतली नाही, पोराच्या पाळण्यापासून लांब, खिडकीत ठेवली.

विद्यापीठाला नवं नाव लागलं तो जानेवारी होता. छावणीत पेढे वाटले. वाळूजच्या बसमध्ये त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही, असं हे सांगत होते. मावशीनं त्या वर्षी दारावरची चांदणी महिना संपला तरी उतरवली नाही. ज्यासाठी गेला होता ते झालं, आता येईल म्हणाली. कागद उडून गेला, नुसती कामट्यांची चांदणी राहिली. मग काकांनी ती उतरवली. मावशी रागावली नाही. "नाताळला येतो की," म्हणाली.

काका गेले. सुवार्ता लग्न होऊन शेजारच्याच गल्लीत राहायला गेली. आमचं इकडं यायचं ठरलं, तेव्हा त्या घरात आम्हाला वीस वर्षं झाली होती. माझी पोरं मावशीला आजी म्हणत होती. बांधाबांध झाली, आणि मला वाटलं, ही बाई आता जास्त दिवसांची नाही. हे ओझं मी रेल्वेत घेऊन बसले तर जन्मभर उतरणार नाही. सकाळच्या उन्हात ती ओट्यावर लसूण सोलत होती. मी तिच्या पायाशी बसले.

"मावशी, चष्म्याची पहिली दोरी माझ्या हातची होती. काकांची पण. चुकून झालं. तुम्ही सुधीर म्हणालात आन मी गप ऱ्हायले."

तिची बोटं थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकले नाही, लसणाच्या पाकळ्यांकडं बघत राहिले. मला वाटलं, झालं, मी हिला मारलं.

"त्या दोन?" ती म्हणाली.

"व्हय."

"बाकीच्या?"

"बाकीच्या माझ्या न्हाईत. शप्पत."

तिनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला. "मग त्याला यायला दोन वर्षं उशीर झाला म्हण की," ती म्हणाली. आणि माझ्या डोक्यावर लसणाचाच हात ठेवला. "तोवर तू सांभाळलंस."

त्या दुपारी आम्ही निघालो. स्टेशनापर्यंत मला कुणीतरी मागून चालत येतंय असं वाटत होतं. वळून बघितलं नाही.

मावशीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शहराचंही नाव बदललं. मी कधी जुनं बोलते कधी नवं, आणि नातू चुका काढतो. डिसेंबरात सुवार्ताचा व्हिडिओ कॉल येतो. ती मावशीचं घर दाखवते, ओटा दाखवते, चिठ्ठ्या अजून टाकतो म्हणते, तुमचीही टाकतो म्हणते. मी सगळ्यांची खुशाली विचारते. भाजीवाला, देवळातले नवे पाळक, छावणीतला रस्ता रुंद झाला का. दोरी अजून निघते का, हा एक प्रश्न जिभेवर येतो आणि मी तो गिळते. तीही आपणहून सांगत नाही. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं, मग दोघीही थंडीबद्दल बोलतो.

मला गावाबद्दल काहीही विचारता येतं, इथल्या क्वार्टरबद्दलही. मावशीच्या ज्या एका दाराला मी तो प्रश्न अजून विचारलेला नाही, तेच माझं घर.